दोन कॅमेऱ्यांवर थ्रीडी लघुपट: वाड्याच्या आत लेन्समधलं अंतर किती ठेवायचं?

वाडाचित्र

१२ मिनिटांचा लघुपट थेट थ्रीडीत चित्रित करायचा आहे, नंतर कन्व्हर्जन (साध्या चित्रीकरणावरून थ्रीडी बनवणं) नको. जागा जुना दुमजली वाडा: चौक, ओटी, माजघर, देवघर. चौकातल्या मुख्य शॉटमध्ये पात्र कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर आणि मागची भिंत सहा मीटरवर. देवघरात उजेड समईचा आणि झरोक्यातून येईल तेवढाच.

कॅमेरे: एकाच मॉडेलचे दोन एपीएस-सी मिररलेस, सेन्सर २३.५ मिमी रुंद, दोन्हींवर २५ मिमीची प्राइम लेन्स, रेकॉर्डिंग ३८४० पिक्सेल. बॉडी शेजारी-शेजारी लावल्या की लेन्सच्या केंद्रांमध्ये १३० मिमी अंतर पडतं. २४ इंची मॉनिटरवर लाल-निळा चष्मा लावून चाचणी पाहिली, खोली छान दिसते. लघुपट दाखवायचा आहे १० मीटर रुंद पडद्यावर, आणि जमलं तर व्हीआर हेडसेटमध्येही.

१३० मिमी चालेल का, की डोळ्यांइतकं ६५ आणायला मिरर रिग (एक कॅमेरा सरळ आणि दुसरा तिरक्या अर्धपारदर्शक काचेतून बघतो ती जोडणी) लागेल? कॅमेऱ्यांना जेनलॉक (दोन्ही सेन्सर एकाच क्षणी चालवणारी सोय) नाही, टाइमकोड (फ्रेमचे नंबर) देता येतो, तेवढ्यावर भागेल का? फ्रेमरेट २५ ठेवावा का? आणि एकाच चित्रीकरणातून पडदा आणि हेडसेट दोन्ही साधतील का?

दुहेरी_दृष्टी

१३० चालणार नाही. ६५ सुद्धा चालणार नाही. कॅमेरे आणि रिग जरा बाजूला ठेवा, आधी पडदा आणि जागा यांचा हिशोब करा. बाकीचे सगळे निर्णय त्यातून निघतात.

माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी ६४ मिमी अंतर असतं. पडद्यावर मागच्या वस्तूची डावी आणि उजवी प्रतिमा याहून जास्त लांब गेली, तर प्रेक्षकाला डोळे बाहेरच्या बाजूला वळवावे लागतात. निसर्गात ते कधीच करावं लागत नाही, म्हणून डोकं दुखतं. १० मीटर पडद्यावर ६४ मिमी म्हणजे रुंदीच्या ०.६४ टक्के. टूके (सुमारे २००० पिक्सेल रुंद) प्रतिमेत फक्त १३ पिक्सेल. मागच्या बाजूला तुमच्या हातात एवढीच शिल्लक आहे. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर आणखी कमी, त्यामुळे ०.५ टक्क्यावर थांबलात तर उत्तम. २० मीटर पडदा असता तर हीच मर्यादा निम्म्यावर आली असती.

हिशोब असा करा. फोकल लांबी गुणिले लेन्समधलं अंतर, भागिले सेन्सरची रुंदी. आलेल्या आकड्याला (१ भागिले कन्व्हर्जन्सचं अंतर, वजा १ भागिले वस्तूचं अंतर) याने गुणा, की डाव्या-उजव्या प्रतिमांमधला फरक रुंदीच्या प्रमाणात मिळतो. सगळी मापं मिलिमीटरमध्ये. कन्व्हर्जन्स म्हणजे ज्या अंतरावरची वस्तू बरोबर पडद्याच्या पातळीवर दिसते ते अंतर. तुमच्या शॉटमध्ये पात्र, २५०० मिमी.

१३० मिमी धरलं तर सहा मीटरवरच्या भिंतीचा फरक ३.२ टक्के येतो. तुमच्या २४ इंची मॉनिटरवर, म्हणजे सुमारे ५३ सेंमी रुंदीवर, तो १७ मिमी दिसतो आणि डोळे आरामात सोसतात. १० मीटर पडद्यावर तेच ३२ सेंटीमीटर होतं. छोट्या पडद्यावरची चाचणी इथेच फसवते. सेटवरच्या मॉनिटरवर टक्क्यांची उभी जाळी लावा आणि फरक जाळीवर मोजा. "छान दिसतंय" हा निकष थिएटरसाठी वापरू नका.

आता उलट सोडवा. भिंतीचा फरक ०.६४ टक्क्यात बसवायचा तर अंतर येतं सुमारे २६ मिमी. त्याच मांडणीत दीड मीटरवर कुणी पुढे आलं तर ते पडद्याच्या पुढच्या बाजूला ०.७४ टक्के येतं. पडद्यापासून १२ मीटरवर बसलेल्या प्रेक्षकाला ते साधारण साडेपाच मीटरवर भासेल. सोसेल, पण अशा जागी पात्राला फार वेळ रेंगाळू देऊ नका. चौकात दरवाजा उघडा राहून पलीकडे आकाश दिसलं तर २६ सुद्धा जास्त. १५ वर यावं लागेल. म्हणून प्रत्येक शॉटआधी टेप घेऊन दोनच मापं मोजा: सर्वात जवळचं काय, सर्वात लांबचं काय. "जवळच्या वस्तूच्या तिसाव्या भागाइतकं अंतर" हा जुना ठोकताळा घाईत आधाराला ठीक, पण त्यात पडद्याचा आकार आणि लेन्स दोन्ही येत नाहीत.

२६ मिमीवर दोन बॉडी शेजारी बसूच शकत नाहीत, म्हणून मिरर रिग. कॅमेरे आत वळवू नका. आत वळवले की प्रतिमेच्या चार कोपऱ्यांत दोन डोळ्यांची उंची जुळत नाही. समांतर ठेवा आणि कन्व्हर्जन्स पोस्टमध्ये प्रतिमा आडव्या सरकवून आणा. २६ मिमी आणि अडीच मीटरला त्यासाठी रुंदीचा फक्त १.१ टक्का, म्हणजे ३८४० मधले ४२ पिक्सेल जातात. शेवटी टूकेच करायचं आहे, त्यामुळे तेवढं परवडतं.

काच_४५

मिरर रिगबद्दल, कारण खरा वेळ तिथे जातो.

काच ४५ अंशांत, अर्धा उजेड आरपार आणि अर्धा परावर्तित. दोन्ही कॅमेऱ्यांचा एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) जातो हे प्रकाशयोजनेत आधीच धरा. काचेचा लेप असलेला पृष्ठभाग दृश्याकडे आणि परावर्तित कॅमेऱ्याकडे. उलट बसली तर परावर्तित प्रतिमेला पुसट दुहेरी कडा येते. काच चारी बाजूंनी घट्ट आवळू नका. ताणाने ती किंचित वाकते आणि प्रतिमेच्या एकाच भागात उंचीचा फरक येतो. असा फरक पोस्टमध्ये काढणं फार कटकटीचं.

टेलिप्रॉम्प्टरची काच स्वस्तात मिळते म्हणून ती लावायचा मोह होतो. त्या बऱ्याचदा ७०-३० असतात. दोन डोळ्यांत सव्वा स्टॉपचा फरक पडतो. तो ॲपर्चरने भरून काढू नका, डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं ते) वेगळी होते आणि मागच्या धूसर भागात डोळे भांडतात. जास्त उजेड मिळणाऱ्या कॅमेऱ्यावर एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावा. मात्र वाड्यातल्या उजेडात एवढा तोटा सोसणार नाही, ५०-५० काचच शोधा.

वरचा कॅमेरा खाली बघत असेल तर त्याचा माथा तुमच्याकडे, म्हणजे रिगच्या मागच्या बाजूला ठेवा. मग त्याची प्रतिमा फक्त डावी-उजवी उलटी येते. माथा दृश्याकडे ठेवला तर ती वर-खाली उलटी येते आणि रोलिंग शटर (सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचणं) दोन कॅमेऱ्यांत विरुद्ध दिशांनी धावतं: एक वरून खाली, दुसरा खालून वर. कॅमेरा हलला की दोन प्रतिमा उलट्या बाजूंना कलतात. हे दुरुस्त होत नाही. कितीतरी रिगवर ही चूक दिसते, आणि दोष बिचाऱ्या सिंकला दिला जातो.

जुळवणीची पद्धत: अंतर शून्यावर आणा, दोन्ही प्रतिमा मॉनिटरवर एकावर एक ठेवा, डिफरन्स मोडमध्ये (फक्त फरक दिसतो, बाकी काळं). एक खूण लांब ठेवा, एक जवळ. कोनाची चूक लांबच्या आणि जवळच्या खुणेला सारखीच सरकवते. कॅमेऱ्याच्या जागेची चूक जवळच्या खुणेत जास्त दिसते. म्हणून लांबच्या खुणेवर पॅन, टिल्ट आणि रोल जुळवा, जवळच्या खुणेवर उंची आणि पुढे-मागे. दोन-तीन फेऱ्यांत प्रतिमा जवळजवळ काळी होते. मगच अंतर २६ वर न्या, आणि नेताना उंची बदलत नाही ना ते पाहा. बदलत असेल तर रिगची सरकपट्टी तिरकी आहे.

लेन्स एकाच मॉडेलच्या असल्या तरी फोकल लांबी तंतोतंत सारखी नसते. १ टक्का फरक म्हणजे टूके फ्रेमच्या बाजूच्या कडेला १० पिक्सेल, वरच्या कडेला ५ पिक्सेलहून जास्त. झूम लेन्स टाळा, झूम करताना त्यांचा प्रकाशीय अक्ष भटकतो. फोकस खेचायचा असेल तर एका कंट्रोलरवर दोन मोटरी.

ध्रुवीकरण (प्रकाशाच्या लहरी एकाच दिशेत कंप पावणं) हा शेवटचा मुद्दा, वाड्यात हमखास भेटेल. तेलपाणी केलेलं लाकूड, शहाबादी फरशी, तुळशीची ओली पानं: यांवरची चमक एका डोळ्यात दिसते, दुसऱ्यात नाही, कारण काच ध्रुवित प्रकाश सारखा वाटत नाही. काचेच्या पुढे, दृश्याच्या बाजूला क्वार्टर-वेव्ह फिल्टर (ध्रुवीकरणाची एकच दिशा मोडणारा) लावला की बराच फरक जातो. तो नसेल तर ओल्या फरशीवर तिरका उजेड टाकू नका. रिगची पेटी आतून काळ्या मखमलीने पूर्ण झाका. काचेच्या पाठीमागून आलेला उजेड परावर्तित प्रतिमेचा काळा रंग धुऊन टाकतो.

वाडाचित्र

खूप उपयोगी, धन्यवाद. सिंकचं काय? आणि रिग जमलाच नाही तर निवडक शॉट साध्या कॅमेऱ्याने घेऊन कन्व्हर्ट करावेत का?

टाइमलाइन_ताई

टाइमकोड आणि जेनलॉक यांत गल्लत नको. टाइमकोड फ्रेमला नंबर देतो. सेन्सर कोणत्या क्षणी वाचायला सुरुवात करतो हे जेनलॉक ठरवतो. टाइमकोड तंतोतंत जुळलेला असतानाही दोन कॅमेरे अर्ध्या फ्रेमपर्यंत पुढे-मागे असू शकतात.

अर्धी फ्रेम म्हणजे २४ फ्रेमरेटला जवळपास २१ मिलिसेकंद. एक पात्र चार सेकंदांत फ्रेम ओलांडतं असं धरा. तेवढ्या वेळात ते अर्ध्या टक्क्याहून जास्त सरकतं. तुमची मागची सगळी शिल्लक ०.६४ टक्के, आणि त्यातला बहुतेक भाग या खोट्या फरकाने खाल्ला. उजवीकडे चालणारा माणूस भिंतीत घुसतो, डावीकडे चालणारा पुढे तरंगतो, किंवा याच्या उलट. वर-खाली हालचाल असेल, म्हणजे पायऱ्या उतरणं, झोपाळा, तर उंचीचाच फरक पडतो. पूर्ण फ्रेमची चूक पोस्टमध्ये एक फ्रेम सरकवून जाते. अपूर्णांकाची चूक ऑप्टिकल फ्लोने (मधली फ्रेम संगणकाने बनवून) ओढूनताणून काढावी लागते आणि हाताच्या बोटांपाशी फाटते.

जेनलॉक असलेले दोन सिनेमा कॅमेरे आणि एक सिंक जनरेटर भाड्याने घ्या. पैसे कुठे वाचवायचेच असतील तर लेन्समध्ये वाचवा, इथे नको. जेनलॉक आहे म्हणूनही विश्वास ठेवू नका, तपासा: वीस एलईडींची आडवी ओळ, दर मिलिसेकंदाला एक पेटणारी, साध्या मायक्रोकंट्रोलरवर होते. शटर १/१००० किंवा जलद ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा आणि एकाच फ्रेममध्ये कोणता एलईडी पेटलाय ते जुळवा. ओळ आडवीच हवी, उभी धरली तर रोलिंग शटर मोजमापात मिसळतं. मोबाइलचं स्टॉपवॉच यासाठी कुचकामी, त्याचा पडदाच ८ किंवा १६ मिलिसेकंदांनी बदलतो.

फ्रेमरेट २४. थ्रीडी डीसीपीत (थिएटरला द्यायच्या डिजिटल प्रतीत) डाव्या-उजव्या फ्रेम आलटून पालटून जातात, २४ चे ४८ होतात, आणि हे सगळीकडे चालतं. २५ ची थ्रीडी डीसीपी काही सर्व्हर घेत नाहीत. शटर १७२.८ अंश, म्हणजे बरोबर १/५० सेकंद. आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांचा लुकलुकाट येत नाही.

जुनी थ्रीडी फिल्म या बाबतीत सुखी होती. १९८४ च्या 'माय डिअर कुट्टिचात्तन'मध्ये, भारतातल्या पहिल्या थ्रीडी चित्रपटात, दोन्ही डोळ्यांच्या प्रतिमा एकाच पट्टीवर वर-खाली उमटत. सिंक चुकायला जागाच नव्हती.

आता कन्व्हर्जन. ते कमअस्सल आहे असं मी मानत नाही. मुंबईच्या प्राइम फोकसने २०१० मध्ये 'क्लॅश ऑफ द टायटन्स' कन्व्हर्ट केला तेव्हा घाईवर खूप टीका झाली, पण पुढच्या दहा वर्षांत हेच काम हॉलिवूडच्या थ्रीडीचा मुख्य रस्ता झालं आणि त्यातलं बरंच आपल्याकडच्या रोटो आर्टिस्टनी (फ्रेममधले आकार कापून वेगळे करणाऱ्यांनी) केलं. कष्ट तीन ठिकाणी असतात: प्रत्येक आकार फ्रेमगणिक कापणं, त्याला खोली देणं, आणि दुसऱ्या डोळ्याला मागचा जो भाग नव्याने दिसतो तो रंगवून भरणं. स्वच्छ कडा, स्थिर कॅमेरा, साधी पार्श्वभूमी असेल तर उत्तम होतं. मोकळे केस, उदबत्तीचा धूर, आरसा, काचेचा पेला, जाळीदार झरोका असेल तर त्या वाटेला जाऊ नका. एआयने काढलेला डेप्थ मॅप (कुठे किती खोली याचा नकाशा) चाचणीला चांगला, मात्र कडा मऊ येतात आणि फ्रेम-फ्रेमला खोली हलते, मग भिंत श्वास घेतल्यासारखी फुगते.

माझा सल्ला: चौक आणि माजघर रिगवर. रिग शिरणारच नाही अशा कोपऱ्यातले दोन-चार क्लोजअप एका कॅमेऱ्याने घेऊन कन्व्हर्ट करा. माणसं नसलेले स्थिर शॉट, म्हणजे खांब, कोनाडे, जिना, यांना एकच कॅमेरा स्लायडरवर पुरतो: एक टेक, २६ मिमी सरकवा, दुसरा टेक. ऊन बदलायच्या आत उरका. फ्रेममध्ये ज्योत, पडदा किंवा झाडाचं पान नको.

पोस्टमध्ये रिझॉल्व्ह स्टुडिओ या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या स्टिरिओ पॅलेटमध्ये आपोआप जुळवणी, पिच, रोल, कन्व्हर्जन्स सगळं आहे. क्रम महत्त्वाचा: आधी उंची आणि फिरकी, मग रंग जुळवणं, कन्व्हर्जन्स शेवटी आणि तोही कट लावून झाल्यावर. लागोपाठच्या दोन शॉटमध्ये डोळ्याला खोलीत उडी मारावी लागू नये. पुढे आलेली वस्तू फ्रेमच्या कडेला कापली जात असेल तर तरंगती चौकट करा: वस्तू डाव्या कडेला असेल तर डाव्या डोळ्याच्या प्रतिमेची डावी कड काळ्या पट्टीने झाका, उजव्या कडेला असेल तर उजव्या डोळ्याची उजवी. कड पुढे येते आणि वस्तू तिच्या मागे बसते.

पडद्यामागे

मी प्रोजेक्शनच्या बाजूने बोलतो. थिएटर नक्की करताना पहिला प्रश्न विचारा: थ्रीडीची यंत्रणा कोणती? वर्तुळाकार ध्रुवीकरण असेल तर पडदा चंदेरीच हवा. पांढऱ्या पडद्यावर ध्रुवीकरण टिकत नाही, दोन्ही प्रतिमा दोन्ही डोळ्यांत जातात. शटर चष्मा (आळीपाळीने एकेक डोळा झाकणारा) असेल तर पांढरा पडदा चालतो. छोट्या सभागृहात, थ्रीडीला सज्ज डीएलपी प्रोजेक्टर आणि डीएलपी-लिंक चष्मे हा पर्याय आहे. तिथे फाइल शक्यतो फ्रेम-पॅकिंगने (दोन्ही डोळ्यांच्या पूर्ण फ्रेम एकत्र) द्या, १०८० पी २४ ला एचडीएमआय १.४ पासून ते चालतं. साइड-बाय-साइड हाफमध्ये (दोन्ही प्रतिमा एकाच फ्रेममध्ये शेजारी दाबून) आडवं रेझोल्यूशन निम्मं होतं, आणि थ्रीडीची खोली आडव्या तपशिलातच असते.

दुसरं, उजेड. टूडीसाठी पडद्यावर ४८ निट्स (उजळपणाचं माप) ठरलेले आहेत. थ्रीडीत चष्म्यातून पोचतात साधारण १५. टूडीसाठी ग्रेड केलेलं (रंग-उजेड ठरवलेलं) देवघर थ्रीडीत निव्वळ अंधार दिसेल. थ्रीडीचं ग्रेडिंग वेगळं करा, मॉनिटर १५ निट्सच्या आसपास उतरवून, खोलीत पूर्ण अंधार करून.

डीसीपी टूकेच, फ्लॅट १९९८ × १०८०. डीसीपी-ओ-मॅटिक या सॉफ्टवेअरमध्ये डावी आणि उजवी फाइल स्वतंत्र देऊन थ्रीडी टिक करा, मोफत आहे. पूर्ण लघुपट न्यायच्या आधी एक मिनिटाची चाचणी डीसीपी त्याच थिएटरात चालवा: एका कोपऱ्यात डाव्या डोळ्याला "डावा", दुसऱ्या कोपऱ्यात उजव्या डोळ्याला "उजवा". एक डोळा झाकून वाचा. डोळे उलटे झालेले असले तर प्रेक्षकाला नेमकं कळत नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं. उपशीर्षकं असतील तर त्यांना खोली द्या. पुढे आलेल्या चेहऱ्यावर पडद्याच्या पातळीवरचं अक्षर लावलं की डोळे तिढ्यात सापडतात.

गोल_१८०

हेडसेटचं उत्तर: एका चित्रीकरणातून दोन्ही नाही.

कॅननची ड्युअल फिशआय लेन्स (आरएफ ५.२ मिमी, २०२१ ची, जवळपास अर्धं वर्तुळ टिपणाऱ्या दोन लेन्स एकत्र) दोन्ही डोळे एकाच सेन्सरवर टाकते, त्यामुळे सिंकचा प्रश्नच मिटतो. पण लेन्समधलं अंतर ६० मिमी पक्कं. त्यातून पडद्यासाठी ५० अंशांचा तुकडा कापलात तर वर काढलेल्या हिशोबानेच भिंत दीड टक्क्यावर जाते, १० मीटर पडद्यावर १५ सेंमी. शिवाय आठके (सुमारे ८००० पिक्सेल रुंद) मधून एका डोळ्याला जेमतेम ११०० पिक्सेल रुंदी उरते.

उलट्या दिशेनेही जमत नाही. हेडसेटमध्ये प्रेक्षक तिथे उभा असतो, म्हणून २६ मिमीवर घेतलेला वाडा त्याला मोठा आणि राक्षसी प्रमाणाचा वाटतो. तिथे डोळ्यांइतकंच अंतर हवं, कन्व्हर्जन्स अजिबात सरकवायचा नाही, तरंगती चौकट नाही, पॅन नाही. कॅमेरा तंतोतंत समतल, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, सुमारे सव्वा मीटर. पात्र एक मीटरच्या आत नको. महत्त्वाचं सगळं मधल्या १२० अंशांत ठेवा. बाजूला जावं तसं दोन लेन्समधलं प्रभावी अंतर घटत जातं आणि ९० अंशांवर शून्य होतं, तिथे थ्रीडी उरतच नाही. फ्रेमरेट ६० असेल तर मान वळवताना प्रतिमा तुटत नाही.

तीक्ष्णतेची अपेक्षाही नीट ठेवा. आठके सेन्सर दोन डोळ्यांत वाटला की अंशाला साधारण २० पिक्सेल मिळतात, चेहरा दोन मीटरवर मऊ दिसतो. ब्लॅकमॅजिकचा उर्सा सिने इमर्सिव्ह एका डोळ्याला ८१६० × ७२०० आणि ९० फ्रेमरेट देतो, म्हणजे अंशाला याच्या दुपटीच्या आसपास, पण तो वेगळ्याच बजेटचा विषय आहे. हेडसेटसाठी त्याच वाड्यात तीन-चार मिनिटांचा स्वतंत्र, कट नसलेला प्रसंग चित्रित करा. तोच लघुपट हेडसेटमध्ये हवाच असेल तर पडद्याची आवृत्ती एमव्ही-एचईव्हीसीत (दोन्ही डोळ्यांचा व्हिडिओ एकाच फाइलमध्ये ठेवणारा प्रकार) एन्कोड करून आभासी पडद्यावर दाखवता येते, त्यात काही बिघडत नाही.

वाडाचित्र

पडद्याचंच करतो. राहिलं देवघर: समई १.२ मीटरवर, मागची भिंत १.८ मीटरवर, आणि आजीचा हात ०.९ मीटरपर्यंत पुढे येतो.

दुहेरी_दृष्टी

लेन्समधलं अंतर २२ मिमी, कन्व्हर्जन्स बरोबर ज्योतीवर. मग भिंत मागे ०.६५ टक्क्याच्या आसपास जाते आणि हात तेवढाच पुढे येतो. प्रतिमा सरकवायला ७५ पिक्सेल लागतील, फ्रेम तेवढी सैल धरा.

कन्व्हर्जन्स ज्योतीवर ठेवण्याचं कारण घोस्टिंग. कोणताही चष्मा दुसऱ्या डोळ्याची प्रतिमा शंभर टक्के अडवत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर लखलखीत ज्योत असेल आणि तिच्यात फरक असेल, तर शेजारी दुसरी फिकट ज्योत दिसतेच. फरक शून्य केला की ती पहिलीवरच बसते. झरोका मात्र भिंतीत आहे आणि तोही उजळ, त्याच्याभोवती घोस्टिंग येईल. त्याच्यावर आतून पातळ मलमल लावून दोन स्टॉप उतरवा आणि भिंतीला थोडा भर-उजेड द्या. काळं पूर्ण काळं ठेवू नका. समईचा उजेड रिगच्या काचेवर थेट येत नाही ना, तेही पाहा. आला तर पेटीच्या तोंडावर काळ्या कापडाची झालर वाढवा.